गोळी घेतली, पण तपासणी कधी?

'बहात्तर तासांची गोळी' म्हणजे काय, हे आता आपल्या वस्त्यांमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सिप्ला कंपनीने २००७ साली आय-पिल बाजारात आणली, टीव्हीवर तिच्या जाहिराती झाल्या, मागोमाग अनवॉन्टेड-७२ आली. आज सूस गावठाणापासून पाषाण-बाणेरपर्यंत कोणत्याही मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळते. शंभराच्या आसपास किंमत. नवरा आणून देतो, मैत्रीण आणून देते, कधी मुलगीच तोंडाला ओढणी बांधून घेऊन येते. मेडिकलवाला खाकी पिशवीत गुंडाळून देतो आणि विषय संपतो.

खरे तर विषय तिथे सुरू होतो. गोळी घेतल्यावर पाळी वेळेवर आली नाही तर किती दिवस थांबायचे, तपासणी कोणत्या दिवशी करायची, अंगावर थोडेसे गेले तर ती पाळी समजायची की नाही, हे त्या पिशवीत कोणी घालून देत नाही. डबीतल्या कागदावर असते, पण ते इतक्या बारीक अक्षरात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत की चष्मा लावूनही कळू नये. आमचे म्हणणे असे आहे, की गोळी वस्तीत पोहोचली आणि तिच्यापुढची माहिती मात्र रस्त्यातच राहिली. त्याची किंमत आमच्या आयाबहिणी भरतात.

आमच्याकडे बोलायला येणाऱ्या स्त्रियांमध्ये अडचणीत सापडलेल्या बहुतेकींनी गोळी वेळेवर घेतलेली असते. चुकते ते नंतरचे थांबणे. 'गोळी घेतलीय ना, मग दिवस जायचे नाहीत', या भरवशावर एक महिना जातो. दुसऱ्या महिन्यात 'गोळीने पाळी मागेपुढे होतेच', असे शेजारीण सांगते. तिसऱ्या महिन्यात मळमळ सुरू झाली की ॲसिडिटीची गोळी आणली जाते. चौथ्या महिन्यात पोट दिसायला लागते आणि मग घरात रडारड. शेजारीण खोटे बोललेली नसते, गोळीने पाळी मागेपुढे होतेच. पण किती, याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्रत्येक घराला पाठ असली पाहिजे.

आधी गोळी नेमके काय करते ते समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक असते, दीड मिलिग्रॅम. ते मुख्यतः अंडाशयातून बीज बाहेर पडणे लांबवते किंवा थांबवते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. तेवढ्या काळात स्त्रीबीज बाहेर आलेच नाही तर दोघांची गाठ पडत नाही. बीज आधीच बाहेर पडलेले असेल तर मात्र गोळीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून 'बहात्तर तास आहेत, उद्या आणू, परवा आणू' हे चालत नाही. जितकी लवकर तितकी बरी. आणि वेळेत घेतली तरी ती शंभर टक्के नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे शंभर जणींनी ही गोळी घेतली तरी त्यांतल्या एक-दोघींना दिवस राहतात. वस्तीत दोनशे जणींनी घेतली तर दोन-चार जणी. त्या दोन-चार जणींनी काहीच चुकीचे केलेले नसते.

काही गोष्टींमुळे गोळीचा असर कमी होतो. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे ही गोळी लवकर निकामी करतात. आपल्या वस्त्यांत टीबीचे उपचार घेणाऱ्या तरुण स्त्रिया कमी नाहीत, पण टीबीची औषधे देताना 'कुटुंबनियोजनाचे काय करता?' असे त्यांना क्वचितच विचारले जाते. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा गोळीपेक्षा कितीतरी खात्रीचा उपाय आहे, आणि ती सरकारी रुग्णालयात फुकट बसवतात. वजन बरेच जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही गोळीचा असर कमी पडू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ कोणालाच माहीत नसते. गोळीने बीज लांबणीवर टाकलेले असते, रद्द केलेले नसते. म्हणजे गोळी घेतल्यानंतर दोन दिवसांनी, आठ दिवसांनी पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी त्याला पुरत नाही. उलट लांबलेले बीज नेमके तेव्हाच बाहेर पडू शकते. पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरलाच पाहिजे. 'एक गोळी घेतली, महिना सुटला' असे समजणाऱ्या जोडप्यांना फटका बसतो तो इथेच.

आता पाळीचे गणित. गोळीनंतरची पाळी ठरलेल्या तारखेच्या एक आठवडा आधी किंवा एक आठवडा नंतर येऊ शकते. तेवढे चालते. तारखेवर सात दिवस उलटले आणि पाळी आली नाही, तर तपासणी करायची. पाळी मुळातच अनियमित असेल, तारीखच सांगता येत नसेल, तर संबंध आल्यापासून एकवीस दिवस मोजायचे आणि तपासणी करायची. यात वाट बघण्यासारखे काही नाही.

उदाहरण घेऊ. एका बाईची शेवटची पाळी १ जानेवारीला सुरू झाली. तिचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे, म्हणजे पुढची पाळी २९ जानेवारीला. १२ तारखेच्या रात्री संबंध आला, १३ तारखेला सकाळी तिने गोळी घेतली. २९ ला पाळी आली नाही. घाबरण्याचे कारण नाही, तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. २ फेब्रुवारीला संबंध येऊन एकवीस दिवस पूर्ण होतात. त्या दिवशी तपासणी केली तर उत्तर भरवशाचे मिळते. ५ फेब्रुवारीला तारखेवर सात दिवस होतात. त्या दिवसाच्या पुढे तपासणी न करता थांबणे म्हणजे अंधारात चालणे. यापेक्षा फार लवकर, म्हणजे गोळी घेतल्यावर आठव्या दिवशी तपासणी केली तर 'नाही' असे उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. गर्भ पिशवीत रुजल्यावरच एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते आणि ते लघवीत उतरायला आणखी दिवस लागतात. तपासणीची पट्टी फक्त तेच ओळखते.

आणि ते अंगावर जाणे. गोळी घेतल्यावर चार-सहा दिवसांनी थोडे रक्त जाते, डाग पडतात. 'आली बाई एकदाची' म्हणून घरात सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. पण ते गोळीतल्या संप्रेरकामुळे झालेले असू शकते, खरी पाळी असेलच असे नाही. ते रक्त नेहमीसारखे नसेल, एखाद-दुसऱ्या दिवसात थांबले असेल, ठरलेल्या तारखेच्या बरेच आधी आले असेल, तर ती पाळी धरू नका. एकविसाव्या दिवशी तपासणी करा. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त फसगत याच ठिकाणी होते.

तपासणी घरी करता येते. मेडिकलमध्ये पट्टी पन्नास-साठ रुपयांच्या आसपास मिळते. सरकारची 'निश्चय' नावाची पट्टी आशाताईकडे फुकट मिळते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्यायची, सोबतच्या ड्रॉपरने सांगितले असतील तेवढेच थेंब टाकायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. एक रेघ 'सी'पाशी आली तर गर्भ नाही. 'सी' आणि 'टी' अशा दोन्ही ठिकाणी आली तर गर्भ आहे, मग 'टी'ची रेघ कितीही फिकट असली तरी. फिकट रेघेला 'अर्धे दिवस राहिले' असे काही नसते. 'सी'पाशी रेघच आली नाही तर पट्टी खराब आहे, दुसरी घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा कचऱ्यातून काढून पाहू नका, तेव्हाची रेघ खरी नसते. पाकिटावरची मुदत आधी बघा. उत्तर 'नाही' आले आणि तरीही पाळी आली नाही तर एका आठवड्याने पुन्हा तपासणी करा, आणि तेव्हाही 'नाही' आले तर दवाखान्यात जा. पाळी चुकण्याला इतरही कारणे असतात. थायरॉइड, पीसीओडी, अंगात रक्त कमी, एकदम वजन उतरणे, मनावरचा ताण. सरकारी 'अंतरा' इंजेक्शन घेणाऱ्या बाईची पाळी बंद होणे हा त्या इंजेक्शनचाच परिणाम असतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी आलेली नसतानाही दिवस राहू शकतात, हेही लक्षात असू द्या.

एक धोका वेगळा सांगायला हवा. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, खांद्यात दुखते, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर गर्भ पिशवीबाहेर नळीत वाढत असू शकतो. यात जीव जाऊ शकतो. पट्टी, काढा, शेक काही नको, १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी.

काढ्यावरून आठवले. कच्ची पपई, तीळ-गूळ, बाजरीची गरम पेज, ओव्याचा काढा, यांनी राहिलेले दिवस जात नाहीत. पोटावर उड्या मारूनही जात नाहीत. ऐकीव आहे, आजीने सांगितले आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते आपण दरवर्षी व्याख्यानात ऐकतो. ते काढ्यालाही लागू आहे. 'पाळी आणायची गोळी' म्हणून मेडिकलमधून जे दिले जाते, तेही तपासणी केल्याशिवाय घेऊ नये. त्या गोळ्यांनी गर्भ पडत नाही, फक्त आणखी दहा-पंधरा दिवस वाट बघण्यात जातात.

दिवस जाणे हीच इथली मुख्य गोष्ट आहे, कारण कायदा आठवडे मोजतो. आणि तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, संबंधापासून नाही. वरच्या उदाहरणातली बाई ५ फेब्रुवारीला तपासणी करते तेव्हा कायद्याच्या हिशेबाने तिला पाच आठवडे झालेले असतात. गर्भपात करायचा असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होऊ शकतो. तिच्या बाबतीत ती मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, म्हणजे तिच्यासाठी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ते ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठीच आहे. बलात्कारपीडित, अल्पवयीन, दरम्यान नवरा वारलेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग स्त्री, अशा. जी बाई फेब्रुवारीत पट्टी लावते तिच्यापुढे सगळे मार्ग मोकळे असतात, बाळ ठेवायचाही. जी मेमध्ये लावते तिच्यापुढे एकच गल्ली उरते, आणि बऱ्याचदा ती भोंदूच्या दारात जाते.

इथे दोन गोळ्यांमधला फरक सांगितलाच पाहिजे. बहात्तर तासांची गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी नाही. तिने राहिलेला गर्भ पडत नाही, आणि गर्भ राहिलाच तर बाळाला तिचा अपाय झाल्याचे आढळलेले नाही. म्हणून 'गोळी घेतली होती, आता मूल व्यंग निघेल' या भीतीने कोणी बाळ पाडायला जाऊ नये. गर्भपाताची गोळी वेगळी, ती मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन औषधांची असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. तरीही ती 'किट' म्हणून चोरून विकली जाते, पाचशेला, हजाराला, समोरची बाई किती घाबरली आहे ते बघून. किती आठवडे झाले, गर्भ पिशवीत आहे की नळीत, अंगात रक्त किती, हे न बघता ती घेतली तर गर्भ अर्धवट पडतो, रक्त थांबत नाही. एका तासात दोन पॅड भिजत असतील आणि तसेच दोन तास चालले असेल, तर क्षणभर थांबू नका. दवाखान्यात काय घेतले ते खरे सांगा. डॉक्टर पोलिसांत देतील या भीतीने गप्प राहून जीव गमावू नका.

वस्तीत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, बहुधा एखाद्या वयस्कर उपासकाकडून. पंचशीलातल्या पहिल्या शीलाचे काय? प्रामाणिक प्रश्न आहे, तो उडवून लावू नये. बहात्तर तासांची गोळी जीव घेत नाही, ती जीव तयार होण्याआधीची गोष्ट आहे, तेव्हा तिच्याबाबतीत प्रश्नच उरत नाही. गर्भपाताबाबत घरात दोन मते असू शकतात. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या बाईच्या पोटात वाढायचे, जिला नऊ महिने डोक्यावर टोपली घ्यायची आणि मग एकटीने वाढवायचे, तिचा निर्णय तिचा. करुणेची सुरुवात समोर उभ्या असलेल्या माणसापासून होते.

आणि कायदाही तेच सांगतो. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ साली बदलला. त्यात 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' या शब्दांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीचा हक्क अविवाहित स्त्रीलाही आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही नाही, सासूची नाही, बापाची नाही. तरीही 'मिस्टरांना घेऊन या' म्हणून परत पाठवलेल्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. ही मागणी कायद्यात नाही. तिचे नाव बाहेर सांगणे हा गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचे नाव सांगण्याची सक्ती नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. हे ठाऊक नसल्यामुळेच अल्पवयीन मुलींना घेऊन आईबाप रुग्णालयाऐवजी कुठल्यातरी खोलीत जातात. जबरदस्ती झाली असेल तर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, फुकट प्रथमोपचार दिलेच पाहिजेत. ही गोळी देणे हाही त्याचाच भाग आहे. आधी एफआयआर आणा, असे म्हणता येत नाही.

या सगळ्यात पुरुष कुठे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २१ चे आकडे सांगतात, की महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता होणारी, त्याच दिवशी घरी जाण्याची. तरी 'कामाला जायचेय, ताकद जाईल'. बाई काय बसून असते? सूसच्या वस्तीतली बाई सकाळी सातला पाषाण, बाणेर, बालेवाडीच्या सोसायट्यांत भांडी-फरशीला जाते, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा. निरोध वापरायचा कंटाळा एकाने करायचा आणि गोळी, उलटी, चुकलेली पाळी, पट्टी, पिशवी साफ करणे हे सगळे दुसरीने, ही कसली समता! भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणाऱ्या आमच्या तरुणांना हे जरा खडसावूनच विचारले पाहिजे.

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. वाचक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, या बाजूने ते उभे होते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यावरचे बाबासाहेबांचे भाषण, ते स्वतः हजर राहू न शकल्यामुळे, रोहम यांनी वाचून दाखवले. सरकारने लोकांमध्ये प्रचार करावा आणि साधने पुरवावीत, अशी मागणी होती. वारंवारच्या बाळंतपणांनी गरीब घरातल्या बाईचे काय होते, हे त्या भाषणात उघड मांडले होते. ठराव फेटाळला गेला. तेव्हा देशात सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम नावाची गोष्टही नव्हती.

इतक्या मागे विधानसभेत जे बोलले गेले, ते आज आपल्या विहारात बोलायला आपण लाजतो. विहारात पाळीचा विटाळ मानत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण विटाळ न मानणे निराळे आणि मोकळेपणाने बोलणे निराळे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बायकांनी बसून ही पट्टी हातात घेऊन बघितली तर काय बिघडेल? कॉलेजात जाणाऱ्या मुलींना बसवले तर त्या बिघडतील, असे काहींना वाटते. पोरगी बिघडेल म्हणून तिला काही सांगायचे नाही आणि तिच्या मोबाईलवर मात्र सगळे जग, ही फसवणूक आपण स्वतःचीच करतो. ज्या मुलीला पहिल्या आठवड्यात आईला सांगता येते, तिचा प्रश्न पहिल्या आठवड्यात सुटतो. आईने फक्त एवढेच करायचे, की ऐकताना हात उगारायचा नाही.

सूसपुरते बोलायचे तर अडचण आणखी एक आहे. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावांबरोबर सूस पुणे महापालिकेत गेले. त्याआधी सगळे पौड, मुळशी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे होते. कागदावर गाव शहर झाले. पण टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बाईला आपली आशाताई कोण, आपला दवाखाना कोणता, हे विचारले तर ती गोंधळते. नांदेड-लातूरकडून किंवा विदर्भातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांना तर कोणीच माहीत नसते. औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत आहे, पण तिथे जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, दोन रिक्षा लागतात आणि रांगेत आडनाव विचारून वर-खाली बघणारी नजर सोसावी लागते. त्या नजरेपायी बाई शेजारच्या गल्लीतल्या पाटी नसलेल्या डॉक्टरकडे जाते. आम्ही तिला दोष देत नाही.

म्हणून वस्तीतल्या महिला मंडळांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या वस्तीच्या आशाताईचे नाव आणि फोन नंबर विहाराच्या आणि समाजमंदिराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिला जावा. 'निश्चय' पट्ट्या आणि सरकारी गोळ्या तिच्याकडे कायम शिल्लक असाव्यात, 'संपल्यात, पुढच्या महिन्यात या' हे उत्तर नको, कारण पुढच्या महिन्यात पट्टीचा उपयोग निम्मा उरतो. आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी सहानंतर, कामावरून बायका परतल्यावर, वस्तीत नर्सताई बसावी. सकाळी दहा ते एकची ओपीडी भांडीवालीच्या काय कामाची? अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्का बघून घ्या, महिन्याने पुन्हा जा. तोवर मंडळाच्या भिशीतून दहा पट्ट्या आणून एका विश्वासाच्या ताईकडे ठेवल्या तर पाच-सहाशे रुपयांत काम भागते. तिने कोणाला दिल्या याची वही ठेवू नये. फक्त किती उरल्या तेवढे बघावे, आणि पाकिटावरची मुदत.